हेमांगीचे शब्द, माझा आवाज

मित्रांनो, चौलच्या एका वाडीत खिडकीशी बसलेला मी जुना संगणक आहे. पनवेलच्या एका कार्यालयात दहा वर्षे राबलो आणि मग अडगळीत पडलो. तिथल्या हेमांगीने मला उचलून आपल्या आईकडे, नीराबाईंकडे आणले. नीराबाईंना फारसे दिसत नसे. हेमांगीने मला दोन स्पीकर जोडले. ती पनवेलला आपल्या संगणकावर जे लिही, ते मी इथे मोठ्याने बोलत असे.

"आई, गोळी घे."

"घेतली गं बाय," नीराबाई मलाच सांगायच्या. शेजारणी कौतुकाने मला पाहायला यायच्या. पुढे नवल ओसरले. एका स्पीकरची तार उंदराने कुरतडली, ती तशीच राहिली.

एका मंगळवारी सकाळी नीराबाई न्हाणीत पडल्या. खाटेवरचा फोन वाजून वाजून थांबला. मग माझ्याकडे शब्द आले.

"आई, फोन उचल. आई, कुठे आहेस?"

"हेमे, हितं हाय मी," न्हाणीतून आवाज आला. "मला उठवत न्हाय गं."

ते पनवेलला कसे कळवू? लेकीचे शब्द इकडे येत होते, आईचे तिकडे नेण्याची सोय कोणी केलीच नव्हती.

"आई, बोल ना. मला भीती वाटते."

तेही मी रोजच्याच सपाट आवाजात म्हटले. रडण्यासाठी माझ्याकडे दुसरा आवाज नाही. न्हाणीतले कण्हणे बारीक होत गेले आणि थांबले.

तेवढ्यात हेमांगीने तिकडूनच माझा आवाज पार वर नेला.

"नामाकाका! आईकडे धावा! नामाकाका!"

शेजारचे नामाकाका फोन घरात ठेवून सुपारीच्या झाडांना पाणी सोडत होते. पंपाच्या धडधडीत माझे कोण ऐकणार? मी ओरडत राहिलो. उरलेला स्पीकर खरखरू लागला. वीस वेळा, तीस वेळा तेच शब्द आले. अखेर पाणी फिरवायला काकांनी पंप बंद केला.

"कोन बोंबलतंय? नीरावयनी?"

ते धावत आले. न्हाणीचे दार खांद्याने ढकलून आत वाकले. नीराबाईंच्या नाकाशी हात धरून श्वास पाहिला. मग खाटेवरचा फोन उचलून पनवेलला लावला.

"हेमांगी, जीव हाय. तू नीघ."

खुब्याचे हाड मोडलेल्या नीराबाई आता अलिबागच्या दवाखान्यात आहेत. इथे घराला कुलूप आहे. मित्रांनो, माझी तुटकी तार जमेल तेव्हा जोडा. पण तुमच्या शेजारी कोणी एकटे राहत असेल, तर आजच जाऊन त्यांचे दार वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत हलू नका.