खोताचं रडणं

सोनबाने तिसऱ्यांदा दत्ताराम गुरुजींच्या पायांवर लोळण घेतली आणि तिसऱ्यांदा त्याला हसू फुटलं.

"गुरुजी, रडू येतच नाय हो. दोन अंक कोणाला विहिरीवर येऊ दिलं नाय, आन एका भाषणात रडू कसा?"

"भाषण नीट ऐक, म्हणजे येईल," गुरुजी चिडले.

जयंती चार दिवसांवर आली होती. सोनबा कारखान्यातली पाळी संपवून आला की विहारापुढच्या अंगणात तालीम सुरू व्हायची. नाटक गुरुजींनी लिहिलेलं. नायकही अर्थात तेच. शेवटी नायक दोन पानं उपदेश करी आणि विहीर अडवून बसलेला खोत विरघळून पाया पडे. त्या दोन पानांवर गुरुजींचा भारी जीव.

विहीर वरच्या वाडीतली आणि खोत म्हणजे तिथला रावजी, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. गुरुजींची आई काशीबाई तरुणपणी तिथून कितीदा तरी रिकाम्या हंड्याने परतली होती. तो माणूस पाया पडताना आईने एकदा तरी पाहावा, एवढ्यासाठी तर हा खटाटोप होता.

काशीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"दत्ता, रावजी कधी रडला रे?"

"नाटक आहे ते, आये."

"एक दिवस मी हंडा घेऊन उभी. तो पाणी शेंदत होता. बोलला नाय, बघितलं पण नाय. आपली कळशी इतकीशी बाजूला सारली, आन मला जागा झाली." सुपातली बोटं थांबली. "घरी येऊन मीच रडले. त्याचं खोटं रडणं दाखवणार असशील, तर मी नाय येणार बघायला."

गुरुजींचा चेहरा पडला. आईच येणार नसेल तर नाटक करायचं कुणासाठी? अगदी जिवावर आलं, पण त्यांनी दोन्ही पानांवर काट मारली.

जयंतीच्या संध्याकाळी सतरंज्या भरून गेल्या. शेवटच्या प्रवेशात नायक रिकामा हंडा घेऊन गप्प उभा राहिला. सोनबाने कळशी हातभर सरकवली. पडदा पडला तरी टाळी वाजेना. गुरुजींनी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

काशीबाई आली होती. जागा नाही म्हणून कडेला उभीच होती. पुढे अजून गाणी व्हायची होती. सतरंजीच्या टोकाला म्हातारा रावजी बसला होता. तो कधी आला, कुणालाच कळलं नव्हतं. त्याने मान वर केली नाही. काठी उचलून पलीकडे ठेवली आणि जरासा सरकला.

काशीबाई टेकली. गुरुजींनी पडद्याची फट हळूच मिटवली.