झडपेवरचा बर्फ

बायको गेल्यावर मिस्त्रीनं तिची गाडी मेव्हणीला दिली. मेव्हणीला घरात सगळे धाकटी म्हणत. त्या सकाळी ती त्याला गॅरेजवर सोडून कामावर जाणार होती. कडाक्याची थंडी आणि धुकं असं, की काचा आतून-बाहेरून ओल्या. पुलाच्या उतारावर तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि इंजिन गचकन बंद पडलं.

"भाऊजी, मी काहीसुद्धा केलं नाही हो!"

"बंद पडते तेव्हा कुणीच काही केलेलं नसतं," मिस्त्री सवयीनं बोलून गेला.

बायकोलाही तो हेच ऐकवायचा. तिची गाडी अशाच ओल्या गारठ्यात बंद पडायची. ती फोन करायची. हातातलं काम उरकून तो निवांत पोचायचा, किल्ली फिरवायचा, गाडी सुरू! "गाडी ठणठणीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणायचा. ती गॅरेजात आली की भागीदार ओरडायचा, "वहिनी आल्या, धक्का मारायला चला रे!" सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो मिस्त्री. शेवटच्या हिवाळ्यात तिनं गाडी चालवणंच सोडलं. दवाखान्याच्या फेऱ्या बसनं केल्या, तेही अंगात ताप असताना.

आज मात्र तो गाडीतच होता. त्यानं लगेच बॉनेट उघडलं आणि हवेचा जाड पाइप ओढून काढला. इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या कडेनं पांढरा बर्फ धरला होता. झडप जागच्या जागी चिकटलेली.

त्याची नजर झडपेशेजारच्या नळीच्या तुकड्यावर गेली. झडप उबदार राहावी म्हणून तिथून दोन नळ्यांतून इंजिनाचं गरम पाणी फिरतं. त्या नळ्या त्यानंच झडपेपासून काढून एकमेकींना जोडल्या होत्या. गार हवेनं गाडी चपळ पळते, म्हणून. "बघ, तुझ्या गाडीला पंख लावले," असं बायकोला सांगितलंही होतं. गाडी थांबली की इंजिनाच्या उबेनं बर्फ वितळायचा. तो पोचेपर्यंत काही उरायचंच नाही.

"काय झालंय?" धाकटीनं वाकून पाहिलं. "बर्फ? मला वाटलं, ताईसारखीच मीही धांदरट. गाडी परतच करणार होते तुम्हाला."

पेट्रोलात पाणी गेलंय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिस्त्रीनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

धाकटीनं बर्फाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "ताई घरी येऊन रडायची. मीसुद्धा तिलाच हसले."

बर्फ सुटल्यावर गाडी मुकाट, पण उशिरा गॅरेजला आली. भागीदारानं दुरूनच हाळी दिली, "काय, धाकट्या बाईंनीही बंद पाडली? घराणंच तसलं!"

हाताखालची माणसं हसली. धाकटी मिस्त्रीकडे बघत उभी राहिली.

"हिनं नाही पाडली," मिस्त्री म्हणाला. "तिनंही कधी पाडली नव्हती. गरम पाण्याच्या नळ्या मी काढल्या होत्या. झडप गोठायची. ती खरं सांगत होती आणि मी तिला हसत होतो."

हसू विरलं. भागीदार पाना पुसत बसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"जाऊ दे रे," तो शेवटी म्हणाला. "आता काय त्याचं."

"जाऊ कसं देऊ?" मिस्त्री म्हणाला. उत्तराची वाट न बघता तो नव्या नळ्या शोधायला फळीकडे वळला. तिथं सगळ्यांकडे पाठ करून उभं राहता येत होतं.