गरम वाऱ्याची वाट

काकाने शेवटचा स्क्रू काढून दातांत धरला आणि मानेने खूण केली. तिने झाकणाची दुसरी बाजू उचलली. विमानाच्या नाकावरचं ते झाकण दिसायला एवढं थोरलं, पण हाताला परडीइतकं हलकं लागलं. दोघांनी ते नेऊन शेडच्या भिंतीशी उभं केलं. इंजिन उघडं पडलं. बुटकं, काळपट, चहूबाजूंनी नळ्यांनी वेढलेलं.

"एवढंसंच आहे हे?" ती म्हणाली.

"एवढंसं आहे म्हणूनच तुझा बाप भुलला." काकाने स्क्रू तोंडातून काढून डबीत टाकला. "बॅटरी धर. इथे नाही, खाली. अगं, माझ्या डोळ्यांत नको."

तिने बॅटरी खाली धरली. काका गुडघ्यांवर बसला, मग कोपरांवर टेकला आणि विमानाच्या पोटाखाली शिरू लागला. वय झालेल्या माणसाने पलंगाखाली गेलेली चप्पल शोधावी तसा.

सकाळी तो आला तेव्हा आई दारातच उभी होती. "या," ती म्हणाली होती. "बांधताना भांडलात, मोडायला तरी आलात."

"मोडायला नाही, वहिनी. बघायला."

"बघणारे वेळेवर येतात, भाऊजी." एवढं बोलून तिने चहा टाकला, कप त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली. शेडकडे ती आली नाही. वडील गेल्यापासून आलीच नव्हती.

घर आता सोडायचं होतं. आई तिच्याकडे शहरात राहायला जाणार होती, त्यामुळे मागची शेड रिकामी करणं भाग होतं. एक दाताचा डॉक्टर दुपारी विमान बघायला येणार होता. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, इंजिन तापत असेल तर मी नुसता सांगाडा नेईन, इंजिन तुम्ही भंगारात द्या. 'भंगार' हा शब्द ऐकल्यावर तिने फोन ठेवला आणि काकाला लावला. काकाने काही विचारलं नाही. "येतो," म्हणाला. वडिलांना शेवटचं न्यायच्या दिवशीही तो असाच न विचारता आला होता, सगळ्यांच्या मागे उभा राहिला होता आणि कुणी बस म्हणायच्या आत निघून गेला होता.

इंजिन मोटारीचं होतं. त्यात वर-खाली होणारे दट्टे नव्हते. एका फुगीर पेटीत तिकोनी लोखंडी तुकडा गरगर फिरायचा आणि पुढचा पंखा फिरवायचा. वजनाला कमी, ताकदीला भरपूर, आणि आत मोडण्यासारखं जवळजवळ काही नाही. खोड एकच, ते तापायचं. पाणी तापायचं, तेल तापायचं, आणि दोघांसाठी दोन वेगळे रेडिएटर विमानाच्या त्या निमुळत्या नाकात कोंबावे लागायचे. वडिलांचा लेथचा कारखाना होता. हात असा की लोखंडाने ऐकावं. काका शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. दोघं भाऊ सुट्टीच्या दिवशी विमान बाहेर अंगणात ढकलत, शेपूट लोखंडी खांबाला बांधत आणि इंजिन चालू करून आत बसत. वडील डावीकडे, पेट्रोल कमी-जास्त करायला. काका उजवीकडे, तापमानाचा काटा मोठ्याने वाचायला. शेजारी खिडक्या लावून घेत.

काटा दर वेळी लाल रेघेवर जायचा. मग वडील करवत घेऊन नाकाचं पुढचं तोंड आणखी मोठं करायचे. वारा जास्त आत आला की झालं.

"दादा," काका म्हणायचा, "नुसती पुढची खिडकी उघडून घरात वारा खेळत नाही. मागची उघडावी लागते. गरम हवेला बाहेर पडायला जागाच नाही, तर नवी आत येईल कुठून?"

"मागे मोठं भोक पाडलं की वारा विमानाला मागे ओढतो. आलाय शिकवायला."

"म्हणून तर झडप लाव म्हणतोय. लागली तर उघडायची, नाही तर बंद."

एकदा फ्लाइंग क्लबची माणसं बघायला आली होती. त्यांच्यादेखत काटा चढला, पाणी उकळलं, वाफ झाली. वडील वैतागून म्हणाले, "मास्तर, तुझी विमानं फक्त फळ्यावर उडतात." काका पटकन बोलून गेला, "आणि तुझी फक्त शेडमध्ये." क्लबची माणसं खो-खो हसली. त्या हसण्यानंतर काका आला नाही.

दोघंही तिला फोनवर सांगायचे. वडील म्हणायचे, तो लोकांत माझं हसं करून गेला. काका म्हणायचा, त्याने एकदा चूक झाली म्हणावं, मी दुसऱ्या मिनिटाला येतो. ती तिकडे तिच्या शहरात, तिच्या कामात. "तुम्ही दोघं काय लहान आहात का?" असं म्हणून ती विषय बदलायची. तेव्हा ते शहाणपणाचं वाटायचं.

"बॅटरी हलवू नकोस," पोटाखालून आवाज आला.

"नाही हलवत."

 मग पत्र्यावर बोटाची टिचकी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा एक.

"काय झालं, काका?"

"हे कधी केलं त्याने?"

ती ओणवी झाली. इंजिनाच्या मागे, जिथे तिला पूर्वी हाताच्या पंजाएवढी फट आठवत होती, तिथे आता चांगली रुंद वाट होती. तिच्या कडा आतून गोल वळवलेल्या, वाऱ्याला कुठे अडखळायला नको म्हणून. तिच्या तोंडाशी बिजागरीवर एक झडप. काकाने ती बोटाने ढकलली. आवाज न करता ती उघडली आणि पुन्हा जागेवर आली. रेडिएटरच्या चारी बाजूंना रबराची पट्टी बसवली होती, वारा कडेने पळून न जाता जाळीतूनच जावा म्हणून. काका त्या पट्टीवरून बोट फिरवत गेला. एका कोपऱ्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. वहीत चूक शोधणाऱ्या मास्तरांचं बोट ओळींवरून फिरतं तसं. कुठे फट सापडली नाही.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आईला विचारते."

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बोलली. "तुम्ही यायचे थांबलात त्याच्या पुढच्या थंडीत. रोज शेडमध्ये. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. मी म्हटलं, भाऊजींना फोन करा. तर म्हणे, आला की दिसेल त्याला." तिने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. "मला काय कळतंय, विमानाला कुठून वारा जातो ते. मला एवढंच कळायचं की वरण निवतंय."

काका अंगणात उभा होता. कोपरांना तेलाची माती लागली होती, ती त्याने झटकली नाही.

"चालू करून बघू," तो म्हणाला.

पंख काढून भिंतीशी ठेवलेले होते, त्यामुळे विमान हलकं होतं. दोघांनी ते बाहेर ढकललं. झाकण पुन्हा बसवलं, कारण त्याच्याशिवाय वारा भलतीकडे जातो, असं काका म्हणाला. चाकांपुढे ठोकळे लावले, शेपूट खांबाला बांधलं. काका वडिलांच्या जागेवर, डावीकडे चढून बसला. आणि बसल्या बसल्या इकडे तिकडे हात फिरवू लागला. पुढे, खाली, मांडीशी.

"काय शोधताय?"

"झडपेचा दांडा. इथे कुठेतरी हवा."

तो वाकला आणि तारेचा माग काढत गेला. तार झडपेपासून निघून मधल्या भिंतीतून आत आली होती, पायांमागून वळून थेट उजवीकडे गेली होती. उजव्या आसनाच्या पलीकडे, विमानाच्या उजव्या भिंतीला लागून, एक छोटा दांडा होता. त्याच्या डोक्यावर लेथवर घासलेला पितळी गोळा. काकाने डावीकडून हात लांबवला. पोहोचला नाही. पट्टा सोडून, अंग तिरकं करून पुन्हा लांबवला. बोटं वीतभर अलीकडे राहिली.

"आंधळा झाला होता की काय हा!" काका म्हणाला. "आयुष्य गेलं मशिनवर. आणि दांडा बसवतो कुठे, तर जिथे चालवणाऱ्याचा हातच—"

 त्याने लांबवलेला हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"काका?"

"इकडे ये. डावीकडे तू बस. कुणीतरी पेट्रोल द्यायला हवं." तो उतरला, नाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढला. ती बापाच्या जागेवर बसली. गादी एका बाजूला दबलेली होती, वडील ज्या बाजूला कलून बसत तिकडे.

इंजिन दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झालं. आवाज कानांतून छातीत उतरला. पलीकडच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली.

"हळूहळू वाढव!" काका ओरडला. "भीत काय बसलीयस? तुझ्या बापाचंच आहे! सत्तर! पंच्याहत्तर! धर तिथे! आता अजून दे!"

काटा चढत होता. लाल रेघ जवळ आली तसा तिचा हात मागे येऊ लागला.

"कमी करू नकोस! नव्वद! पंच्याण्णव!" आणि मग त्याने न बघता उजवा हात खाली नेला आणि दांडा मागे ओढला.

काटा थांबला. क्षणभर थरथरला आणि खाली येऊ लागला. नव्वद. सत्याऐंशी. तिथेच उभा राहिला. तिने पूर्ण पेट्रोल दिलं, खांबाचा दोर ताणला गेला, अंगणातली सुकी पानं मागच्या भिंतीवर जाऊन आपटली, पण काटा हलेना. काकाने आकडे वाचायचं कधी थांबवलं, ते तिच्या लक्षात आलं नाही. तिने बाजूला पाहिलं. तो काट्याकडे बघत नव्हता. दांड्यावरच्या पितळी गोळ्यावर त्याचा पंजा मिटलेला होता आणि त्याकडे तो बघत होता. गोळा त्याच्या हाताला बरोबर बसत होता.

तिने इंजिन बंद केलं. तापलेला पत्रा कुठेतरी टिकटिकत होता.

"यायचा थांबलो तेव्हाही मी या गल्लीतून जायचो," काका म्हणाला. "भाजी आणायला. माझ्या घराजवळ भाजी मिळत होती तरी." मग म्हणाला, "उतर. तुझा डॉक्टर येईल."

दाताचा डॉक्टर चटपटीत माणूस निघाला. बूट काढून आत चढला, इंजिन चालवायला लावलं, काकाला शेजारी बसवलं, काटा बघितला, खूश झाला. "वा! मला कुणी तरी सांगितलं होतं ही इंजिनं म्हणजे नुसती शेगडी. हे तर गाईसारखं गरीब आहे." त्याने स्वतः डाव्या आसनावरून झडप उघडायचा प्रयत्न केला. हात पोहोचला नाही. हसून पुन्हा केला.

"हे काय हो? मी तर एकटाच उडवणार. शेजारी माणूस बसवल्याशिवाय इंजिन थंड राहणार नाही, असं कसं चालेल? दांडा इकडे हवा, मध्ये." तो मान वळवून तिच्याकडे बघायला लागला. "वडिलांनी बाकी सगळं इतकं चोख केलंय. मग ही एवढी ढोबळ चूक कशी काय झाली त्यांच्याकडून?"

ती तोंड उघडणार, तेवढ्यात काका बोलला.

"त्याची नाही. माझी."

"काय?"

"चूक माझी आहे," काका म्हणाला. आवाज वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल इतका स्वच्छ होता. इंजिन तर बंद होतं. "माझीच. मी देतो बदलून."

"अहो, त्यात काय एवढं!" डॉक्टर हसला. "तारच तर फिरवायची. होतं असं."

"होतं," काका म्हणाला.

त्याने पाना मागितला. तिने दिला. तो उजव्या आसनाच्या पायाशी वाकला, इतका की बाहेरून फक्त त्याची पाठ दिसत होती. पाना बोल्टला लागल्याचा आवाज झाला. मग कसलाच आवाज येईना. पाठ तशीच वाकलेली राहिली.

"सुटत नाहीये का?" डॉक्टर खाली उतरून पलीकडून डोकावायला निघाला.

"तुम्ही इकडे या," ती म्हणाली. "शेपूट बघायचंय ना तुम्हाला?"

"शेपटाचं काय विशेष?"

"या तर खरं."

ती त्याला विमानाच्या पार मागच्या टोकाला घेऊन गेली. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. ती खाली बसली आणि त्यालाही बसायला लावून पत्र्यात ठोकलेला एकेक रिव्हेट दाखवू लागली. हा बघा, म्हणाली, आणि हा, आणि घाई करू नका, हाही बघा.