केइगोसुचा शुक्रवार

चौघांत मिळून एकच आवाज उरला, तेव्हा सगळ्यात जास्त फायदा केतकी पोवारचा होणार हे उघड होतं. इरफान मुजावर वर्गात तसाही हजेरीपुरताच बोलायचा. सुदर्शन चौगुलेचा आवाज नुकताच फुटत होता. तो गेला तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं. गोदी कांबळे दिवसभर बडबडायची खरी, पण त्यातलं कामाचं किती, असं केतकीचं मत होतं. केतकीला मात्र शुक्रवारी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं होतं. गेल्या वर्षी तिचा पहिला नंबर थोडक्यात हुकला होता आणि ते ती अजून विसरली नव्हती.

हे झालं हुद्दार बाईंमुळे. शाळेत संगणक एकच, तोही पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी. एका संगणकावर चार मुलं बसवा, त्यांना एकमेकांना शिकवू द्या, असं बाई कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आल्या होत्या. पण चार-चार नावं टाइप कोण करणार? त्यांनी चौघांची पहिली अक्षरं जोडली आणि 'केइगोसु' नावाचा एकच विद्यार्थी संगणकात घातला. संगणकाने बाईंवर विश्वास ठेवला. एका विद्यार्थ्याला लागतो तेवढा, एक आवाज दिला.

शाळा सुटताना रोज पडद्यावर प्रश्न यायचा, 'आज आवाज कोणाच्या घरी?' चौघांनी माउसवर हातावर हात ठेवले की ठरायचं. तीन हातांनी भागायचं नाही. ज्यांच्याकडे आवाज नसेल त्यांनी टाइप करायचं.

'आज मला पाहिजे. म्हैस माझ्या हाकेशिवाय घरी येत नाही,' सुदर्शन टाइप करायचा.

'शिट्टी मार की,' इरफान.

'शिट्टी काय तुझ्या खिशातनं येते, शहाण्या?'

अभ्यासाचंही तसंच. अपूर्णांक कळायचे इरफानला, नीट सांगता यायचे केतकीला. इरफान टाइप करी, केतकी बोले आणि सगळे गोदीच्या मानेकडे बघत. गोदीची मान हलली नाही की पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी वहीवर कोपर ठेवून गणितं सोडवणारी केतकी आता गोदीची मान हलावी म्हणून एकच भाकरी निरनिराळ्या तऱ्हेने मोडून दाखवत होती. ती हलली की केतकीला उगाचच हसू यायचं. चाचणीत चौघंही पास झाले. वर्गही शांत. बाई खूश.

मग भूक एक झाली. सुदर्शनच्या आईने त्याला आग्रहाने आणखी एक भाकरी वाढली की गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदी ताटावरून उठायची. मग सावली एक झाली. मैदानात ती एकटीच पडायची आणि चौघं तिच्याभोवती दाटीने बसायचे.

गुरुवारी पडद्यावर नेहमीचा प्रश्न आलाच नाही. 'उद्याचा दिवस कोणाकडे?' असं आलं. एका विद्यार्थ्याला उद्या एकच असतो, तेव्हा यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बाकीचे तिघं गुरुवारातून थेट शनिवारात उतरणार होते.

'माझा न्या. उद्या इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. वर दक्षिणा देतो,' सुदर्शनने टाइप केलं.

'माझा पण घे, केतके. बक्षीस आणलं नाहीस तर बघ,' इरफानने टाइप केलं.

मग पुन्हा सुदर्शनने, सावकाश: 'गोदे, उद्या तुझे आबा येणार ना?'

आबा म्हणजे गोदीचे वडील. ते ट्रक चालवायचे. दोन-तीन महिन्यांतून एखादा दिवस घरी टेकायचे आणि अंधार पडायच्या आत पुन्हा निघायचे. गोदीने टाइप केलं, 'आबा काय, परत येतील. स्पर्धा येते का?' आणि सगळ्यांत आधी माउसवर हात ठेवला.

आवाज त्या वेळी केतकीकडे होता. तिने तो वापरला नाही. तिचा हात सगळ्यांत वर पडला.

शुक्रवार चौघांच्या मापाचा निघाला. केतकीला तो ढगळ झाला. तालुक्याची गाडी गाठायला ती भरभर निघाली, तर मुजावरांच्या दारातून इरफानची अम्मी धावत आली आणि तिच्या डोक्यावर जाळीची टोपी बसवून म्हणाली, "जुम्मा है, और टोपी भूल के चला?"

"भूल गया," केतकी म्हणाली. दुसरं कोणी उत्तर द्यायला नव्हतं.

चौगुल्यांच्या गोठ्यातून हाक आली, "सुदर्शन, म्हैस सोडलीस का रं?" केतकीने म्हैस सोडली. म्हैस तिच्या मागे मागे आली.

कांबळ्यांच्या घरासमोर ट्रक उभा होता. पलीकडे स्टँडवर गाडीच्या पायरीवरून हुद्दार बाई ओरडत होत्या, "केइगोसु! अगं चल की, सुटली गाडी!"

आबा उंबऱ्यावर बसले होते. रात्रभर गाडी हाकून त्यांचे डोळे लाल झाले होते. तिला बघून ते उठले.

"आलीस व्हय गं बाय माझी! मला वाटलं, बाप आला तरी पोरगीचा पत्ता न्हाई."

केतकीने स्टँडकडे पाहिलं.

"बोल की. अख्ख्या रस्त्यानं तुझी बडबड आठवत आलोय. आज का गप?"

केतकीकडे पाठ केलेलं भाषण होतं. 'सन्माननीय परीक्षक' या शब्दांनी सुरू होणारं. तिने तोंड उघडलं.

"आबा," ती म्हणाली, "अपूर्णांक म्हणजे काय ठावं हाय का तुमाला? भाकरी आणा, सांगते."

आबा मोठ्याने हसले. तिकडे गाडी सुटली. बाईंचा हात खिडकीतून बराच वेळ हलत राहिला. आबांनी ट्रकमधून कागदात गुंडाळलेल्या नव्या चपला काढल्या, "माप अंदाजानंच आणलंय बघ," म्हणत तिच्यासमोर खाली बसले आणि एक तिच्या पायात घातली. ती बरोबर बसली.

इरफानने आणि सुदर्शनने एकेक शुक्रवार दिला होता. गोदीने आबा दिले होते, केतकीने स्पर्धा दिली. आबांना मात्र कोणी काही विचारलंच नव्हतं. ते दुसरी चप्पल हातात धरून म्हणत होते, "आता तो पाय दे."