सरळ रांगेतली झाडं

“दोरी ताठ धरा! एक रोप वाकडं लागलं तर सगळी रांग वाकडी होईल!” आमचे हे नदीकाठी उभे राहून ओरडत होते. दोरीचं दुसरं टोक आमच्या गल्लीतल्या केमिस्टच्या हातात होतं आणि त्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल, म्हणून दोरी सारखी ढिली पडत होती. बाकीचं मंडळ टोप्या कुठल्या रंगाच्या घ्यायच्या यावर भांडत होतं.

जन्मभर पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसून लोकांना “उद्या या” सांगणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावर उद्या या म्हणायचं कुणाला? मग यांनी ‘काठ वाचवा मंडळ’ काढलं आणि आपणच अध्यक्ष झाले. पुरात दरवर्षी काठ ढासळत होता, हे खरंच होतं. नदी आमच्या परसात येऊन बसायचीच काय ती बाकी होती. झाडं लावायला माझी ना नव्हती. पण यांचा जीव झाडांवर नव्हताच, रांगेवर होता.

परसाच्या टोकाला वन्संची खोली होती. वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. त्यांनी हॉस्पिटलात आयाची नोकरी केली आणि लग्न केलं नाही. सगळी उमेदीची वर्षं तिथल्याच आयांच्या हॉलमध्ये, रांगेतल्या एका खाटेवर गेली. स्वतःची खोली मिळाली ती म्हातारपणी. मी दार न वाजवता आत शिरले की म्हणायच्या, “वॉर्ड आहे का गं हा?” त्यांच्या तोंडून ते ऐकायला मला आवडायचं.

खिडकीखालपासून थेट पाण्यापर्यंत रानटी झुडपं माजली होती. यांची दोरी त्यांत अडकायला लागली.

“उपटून टाका ही घाण,” हे म्हणाले.

“अहो, मग मी धुणं कशावर वाळत घालू?”

“इथे काठ चाललाय वाहून आणि हिला चादरींची पडलीये!”

मंडळ खो-खो हसलं. केमिस्ट तर पोट धरून.

खिडकीतून वन्सं म्हणाल्या, “बाळ्या, माझ्या खिडकीखालची तेवढी राहू दे रे. पाखरं येतात त्यात.”

“ताई, मध्येच झुडूप ठेवलं तर फोटोत कसं दिसेल?”

वन्संनी मान डोलावली. बाळ्या अध्यक्ष झाल्याचं सगळ्यात जास्त कौतुक त्यांनाच होतं.

मशीन आलं आणि काठ दाढी केल्यासारखा गुळगुळीत झाला. मग रोपं लागली, प्रत्येकाभोवती लोखंडी जाळी, जाळीवर देणगीदाराच्या नावाची पाटी. रोप जेमतेम गुडघ्याएवढं आणि पाटी कमरेएवढी! हे पुढच्या पिढ्यांवर लांबलचक बोलले. पुढची पिढी खाऊचा पुडा घेऊन केव्हाच घरी गेली होती.

त्याच पावसाळ्यात पूर आला. पाणी चढताना दिसलं तसं आम्ही वन्संना पुढच्या खोलीत आणलं. आधी जाळ्या गेल्या, मग रोपं, मग माती. तिला धरून ठेवणारं तिथे काही उरलंच नव्हतं. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर वन्संच्या खोलीची मागची भिंत खिडकीसकट गेलेली, अर्धी फरशी अधांतरी. वरच्या वळणावर झुडपं चिखलात आडवी झाली होती, पण मुळं धरून होती. जिथे जिथे आमचं मंडळ पोचलं नव्हतं, तिथला काठ शाबूत होता.

मंडळ पाहायला आलं, लांबूनच. “निसर्गापुढे कुणाचं चालतं?” केमिस्ट म्हणाला आणि आपल्या वडिलांच्या नावाची पाटी कुठे सापडली का, ते त्याने विचारलं.

“रोपं लहान पडली हो,” हे म्हणाले. “अजून थोडी वर्षं मिळाली असती तर...”

“झुडपांना मिळाली होती की वर्षं!” माझा आवाज चढला. “तुमच्या दोरीला आडवी आली ना मेली!”

हे चष्मा पुसत बसले.

खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं इंजिनिअर सांगून गेला. आमच्या उरलेल्या दोन खोल्यांत मुलगा, सून, आम्ही. वन्संनीच वृद्धाश्रम ठरवला.

“वन्सं, कशाला हो जाता? राहू की दाटीवाटीने.”

“तिथे हॉल आहे म्हणे. हॉलची सवय आहे मला.”

“ताई, पुन्हा बांधू ना खोली,” हे म्हणाले.

“कशावर रे बांधशील?”

त्या चिडून बोलल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या. मला मात्र वाटलं, या माणसाला टोपीसकट नदीत ढकलावं.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना वन्सं मागे आपल्या खोलीकडे गेल्या. उंबऱ्यापाशी थोडा वेळ थांबल्या, आत गेल्या नाहीत. मग दार ओढून घेतलं, कडी लावली, कुलूप घातलं आणि ते नीट लागलंय का, हे दोनदा ओढून पाहिलं. पलीकडे भिंत नव्हती. दाराच्या फटीतून वाहतं पाणी दिसत होतं. हे काहीतरी बोलायला गेले, मी डोळे वटारले.

किल्ली पर्समध्ये टाकून वन्सं रिक्षात बसल्या. आम्हाला दिली नाही.