चतुराबाई बोलली तेव्हा मी बंद होतो

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो. मी एक जुना माईक आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी पडून असतो. पंधरा ऑगस्टला तुम्ही मला बाहेर काढता आणि माझ्या डोक्यावर टिचक्या मारता. त्याचे मला काही वाटत नाही. माझा राग वेगळा आहे.

नाशिकच्या भद्रकालीत गोरक्षचे लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. १९६९ साली त्याने मला मुंबईहून आणले. सायकलवर कर्णे बांधलेले असत, पण मी कायम त्याच्या गळ्यातल्या पिशवीत. माझ्यातून मंगलाष्टका घुमल्या, चौदा एप्रिलची भाषणे घुमली. "गोरक्ष, तुझ्या माईकचा गळा स्वच्छ आहे," असे लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

पुढे नाशकात मराठी चित्रपटांचा पुरस्कार सोहळा दर वर्षी होऊ लागला. मैदानात मोठा मांडव, झगमगते दिवे, आणि व्यासपीठाच्या मधोमध मी. केवढा ताठा होता मला! मोठमोठे कलावंत माझ्याजवळ तोंड आणून बोलत.

१९७९ साली एका चित्रपटाचा फार बोलबाला झाला. त्यात नायक होळकर पुलावरून गोदावरीच्या पुरात उडी घेतो आणि वाहून जाणारे मूल वाचवतो. त्या उडीसाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत.

ती उडी नायकाची नव्हतीच. ती भिकनची होती. भिकन घाटावर राहणारा, पट्टीचा पोहणारा. बुडणाऱ्या किती जणांना त्याने बाहेर काढले होते, कुणी मोजले नाही. चित्रीकरणाच्या दिवशी गर्दीला सूचना द्यायला गोरक्ष मला पुलावर घेऊन गेला होता. आम्ही दोघांनी सगळे पाहिले. नायकाचा सदरा घालून भिकनने उडी घेतली. पाण्याखालच्या दगडावर त्याची कंबर आपटली. त्यानंतर तो कुबडीशिवाय चालला नाही, आणि पडद्यावर त्याचे नावही आले नाही.

त्या वर्षीच्या सोहळ्यात 'धाडसी अभिनया'चा खास पुरस्कार नायकाला मिळाला. पितळी बाहुली हातात घेऊन तो माझ्यासमोर आला.

"सगळे म्हणाले, उडीला बदली माणूस घ्या," तो म्हणाला. "मी म्हटलं, नाही. मी माझ्या प्रेक्षकांना फसवणार नाही."

टाळ्यांनी मांडव हादरला. खोटे त्याचे होते, पण ते प्रत्येकाच्या कानापर्यंत नेले मी. विस्तवावर धरल्यासारखे झाले मला.

तेवढ्यात मागून एक बाई चालत आली आणि बाजूच्या पायऱ्या चढली. ती भिकनची बायको, चतुराबाई. ती हार घालायला आली असेल असे वाटून नायकाने मान खाली केली. ती त्याला वळसा घालून माझ्यापाशी आली.

"मी चतुराबाई. ती उडी यांची नाय. माझ्या मालकानं..."

पहिल्या रांगेतून सोहळ्याच्या अध्यक्षांनी गोरक्षला बोटाने खूण केली. गोरक्षने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग त्याने कळ फिरवली.

मी बंद झालो. तिचा श्वास माझ्यावर आदळत होता आणि तिथेच मरत होता. मी लोखंडाचा, माझ्या हातात काय होते? पण ती लाज माझीच आहे.

तिच्या ध्यानात आले. तिने गोरक्षकडे मान वळवली.

"गोरक्षभाऊ, तुमी बी व्हते ना पुलावर?"

गोरक्ष खाली वाकून उगीच वायर चाचपत राहिला.

मग तिने मला बाजूला सारले. चतुराबाई बाजारात कोथिंबीर-मेथी विकायची. अख्ख्या बाजाराच्या गलक्यात तिची हाक वेगळी ऐकू येई. त्याच आवाजात ती बोलली.

"उडी भिकननं घेतली. त्यो बघा, त्या खांबाला टेकून बसलाय. आमाला तुमची बाहुली नको. त्याचं नाव घ्या, बस."

सगळा मांडव मागे वळला. भिकनने कुबडी जवळ ओढून घेतली. मग मधल्या रांगेतून घाटावरचा चिमाजी नावाडी उठला.

"खरं बोलती ती. मीच त्याला दोरानं वर वढलं व्हतं."

नायक बाहुलीकडे बघत उभा राहिला. 'भिकन' एवढा एकच शब्द त्याने उच्चारायला हवा होता. अध्यक्षांनी बँडवाल्यांना वाजवायला सांगितले आणि स्वयंसेवकांनी चतुराबाईला खाली उतरवले. घाटावरची माणसे भिकनला मध्ये घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नायकाचा हसरा फोटो होता. बाकी एक ओळ नाही.

त्याच दिवशी गोरक्ष मला पिशवीत घालून घाटावर गेला.

"चतुराबाई, माझं चुकलं," तो म्हणाला.

ती भाजीच्या जुड्या बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, "हितं काय सांगतो? तिथं सांगायचं व्हतं."

पुढच्या वर्षी सोहळ्याच्या समितीची माणसे दुकानात आली. गोरक्षने विचारले, "भिकनचं नाव घेणार का?" ती माणसे हसली आणि दुसरा लाऊडस्पीकरवाला बघायला गेली. दर वर्षी तो हेच विचारत राहिला. मग ती माणसे यायचीच बंद झाली. इतरही बरीच कामे त्याच्या हातून गेली. १९८६ साली दुकान मोडताना त्याने मला तुमच्या शाळेला दिले. त्याच्यावर मी चिडलो होतो, मित्रांनो. आता निम्मा राग निवळला आहे. उरलेला त्या अध्यक्षांवर आणि त्या नायकावर आहे, आणि तो जाणार नाही.

मला कोरड्या फडक्याने पुसा, माझी वायर पिळू नका. एवढी काळजी मला पुरे. पण तुमच्यापैकी कुणाच्या हाती उद्या ती कळ येईल. समोर कुणी खरे बोलत असेल आणि मोठ्या माणसाचे बोट हलेल, तेव्हा तो हात आवरा. तो चित्रपट अजून जत्रेतल्या तंबूत लागतो. तुम्ही पाहायला गेलात, तर उडीच्या वेळी शेजारच्याला सांगा, हा भिकन आहे.