चवीपुरतं मीठ

नणंद तापातून उठली, पण तिच्या जिभेची चव काही परत आली नाही. हात शाबूत होते, डोळे तर घारीचे. साखर सोनेरीची तांबूस कधी होते आणि तांबूसची कडू कधी, हे तिला पातेल्यात नुसतं डोकावून कळे. कळत नसे ते फक्त मीठ. म्हणून खारट कॅरमेलच्या गोळ्या करताना ती भावजयीची जीभ उसनी घेई.

साखर विरघळली, लोणी आणि गरम साय तिच्यात मुरली, की चमच्याच्या पाठीवरचा थेंब गार पाण्यात निववून ती भावजयीच्या ओठांशी नेई आणि तिच्या भुवयांकडे बघत राही. भुवया स्थिर, तर आणखी एक चिमूट. किंचित उचलल्या, की पुरे. शब्दांवर तिचा भरवसा नव्हता.

"तोंडाचं काय गं वहिनी, तोंड कुणाचंही मन राखतं," ती म्हणायची. "भुवयांना अजून रीतभात यायचीय."

आज संध्याकाळी बेकरीवाला येणार होता. गोळ्या पसंत पडल्या, तर दुकानामागची खोली आणि शेगडी तिच्या हवाली करायचं त्यानं कबूल केलं होतं. पलंगाखाली तिची बॅग केव्हाच भरून तयार होती. आतल्या खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची कूस बदलणं, त्यांना पुसणं, भरवणं, त्यांच्या शिव्या खाणं, सगळं नणंदेकडे. ती गेल्यावर हे कोण करणार, असं घरात कुणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, आणि भावजयीला सलत होतं ते नेमकं हेच.

नणंदेनं थेंब पुढे केला. "बघ गं."

चव अगदी नेमकी होती. गोडाच्या पाठोपाठ मीठ हलकेच येत होतं, एखाद्या चांगल्या आठवणीला लागून दुःख यावं तसं. भावजय ते हळूहळू गिळत राहिली. तिनं काही वाईट केलं नाही. तिनं काहीच केलं नाही.

"अजून?" नणंदेनं चिमूट सोडली. पुन्हा थेंब. भावजयीचा चेहरा शांत. पुन्हा चिमूट. "आज मीठच अळणी आलंय की काय मेलं!" नणंद हसली. भावजयीही हसली, भुवया मात्र तिनं जागच्या हलू दिल्या नाहीत.

बेकरीवाला भला माणूस होता. त्यानं गोळी तोंडात टाकली, चघळता चघळता थांबला, पाणी मागितलं आणि मग पुन्हा मागितलं.

"रंग फार सुरेख आलाय, ताई," तो चपला शोधत म्हणाला. "बघू. कळवतो."

दार लागलं. नणंदेनं उरलेल्या गोळ्यांचं ताट बाजूला सारलं. मग तिनं पलंगाखालची बॅग ओढली आणि कपडे एकेक करून कपाटात लावले. परत आली तेव्हा तिचा आवाज मऊ होता.

"वहिनी, तुझीही चव गेली का गं?"

खरं बोलायला एवढी एकच जागा होती. भावजयीनं मान हलवली. "हो ताई. झाले बरेच दिवस. तुम्हाला उगाच काळजी नको, म्हणून बोलले नाही."

"वेडीच आहेस." नणंदेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मग आता मी कुठे जाते? तुलाही बघायला हवं ना कुणीतरी." तिनं ताट उचलून टेबलावर, भावजयीसमोर ठेवलं, खुर्ची ओढली आणि एका गोळीचा कागद सोलून ती स्वतःच्या तोंडात टाकली. "इतकं लोणी, इतकी साय. दुसऱ्या कुणाच्या घशाखाली उतरायच्या नाहीत, पण आपल्या दोघींना काय त्याचं? खा."

भावजयीनं खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं आतल्या आत परतवलं. आतून सासूबाईंनी हाक मारली, पण उठलं कुणीच नाही.

"छान चिकट झाल्यात, नाही?" नणंद म्हणाली, आणि पुढच्या गोळीचा कागद सोलू लागली.